टोफू चालेल, पण रस्सा कशाचा?

व्हीगन माणूस आपल्याकडच्या हॉटेलात गेला की पंचाईत होते. मांस, मासे, अंडी टाळणं सोपं. पण डाळीला तुपाची फोडणी, नानमध्ये दही, ग्रेव्हीत मलई आणि वर पनीर. थाई, व्हिएतनामी किंवा जपानी रेस्टॉरंटात यातलं जवळपास काहीच आडवं येत नाही. या स्वयंपाकांत दुधाला मुळातच फारसं स्थान नव्हतं. दाटपणा येतो नारळाच्या दुधानं, तिळानं, शेंगदाण्यानं. पनीरची जागा टोफू घेतो: सोयाबीनचं दूध क्षार घालून फाडायचं आणि कापडात दाबून त्याची वडी पाडायची.

इथे खरी अडचण मासळीची आहे, आणि ती डोळ्यांना दिसत नाही.

थाई ग्रीन करीचंच बघा. वाटीत वांगी, टोफू, तुळशीची पानं, हिरवट रस्सा. मेन्यूत ती 'व्हेज' म्हणून छापलेली असते. पण तिचं वाटण गवती चहा, हिरव्या मिरच्या, कोथिंबिरीची मुळं, गलंगल आणि मकरुट लिंबाची साल यांच्यावर थांबत नाही. पारंपरिक वाटणात 'कापी' असते, म्हणजे आंबवलेल्या जवळ्याची पेस्ट. वाटण आधीच तयार असल्यामुळे ती नंतर काढता येत नाही. कच्च्या पपईचं 'सोम ताम' त्या मानानं सोयीचं. ते मागणीनुसार खलबत्त्यात कुटतात. सोडे आणि 'नाम प्ला' हा फिश सॉस नको, असं कुटायला घेण्याआधी सांगितलं की मीठ किंवा सोया सॉस, लिंबू, ताडाची साखर आणि मिरची यांवर ते झकास जमतं.

जपानी मिसो सूपचंही तसंच. वर टोफू नि समुद्री शेवाळ तरंगत असतं, पण खालचा 'दाशी' हा अर्क बहुधा वाळवलेल्या बोनिटो माशाचा असतो. बौद्ध मठांतल्या 'शोजिन र्‍योरी' या शाकाहारी परंपरेनं मात्र कोंबू शेवाळ आणि शिताके अळंबी भिजवून दाशी करण्याची रीत जपली आहे. ही पळवाट समजू नये. जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ साली 'उमामी' चव देणारं ग्लुटामेट वेगळं काढलं, ते याच कोंबूतून.

धर्मानं घातलेल्या पथ्यातून आशियात शाकाहाराची मोठी पाककला उभी राहिली. शांघायचं गोंग दे लिन हे शाकाहारी उपाहारगृह १९२२पासूनचं आहे. थायलंडमध्ये चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्यात नऊ दिवस 'जे' उत्सव असतो, फुकेतमध्ये तर फारच मोठा. त्या काळात गाड्यांवर पिवळे झेंडे लागतात. 'जे' जेवणात मांस, मासे, अंडी, दूध तर नसतंच, कांदा-लसूणही वर्ज्य. फुकेतला जाणाऱ्या जैन आणि कांदा-लसूण न खाणाऱ्या मराठी प्रवाशांना याहून सोयीचे दिवस सापडणं कठीण.

एरवी, मुंबई-पुण्यात असो की बँकॉकमध्ये, 'हे व्हेज आहे ना?' एवढ्या प्रश्नावर थांबू नका. फिश सॉस, ऑयस्टर सॉस, कोळंबीची पेस्ट, माशाचा दाशी आणि नूडल्समधलं अंडं यांची नावं घेऊन वेटरला विचारा, आणि त्याला खात्री नसेल तर आचाऱ्याला विचारून यायला सांगा.