जुन्या मारुती ८००ची पेट्रोल टाकी घरी बदलता येते का? धोका नेमका कुठे असतो?

१४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या हातात पडली आणि २०१४ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. तरी ही छोटी हॅचबॅक अजून अनेकांच्या दारात उभी आहे. कुणी वडिलांची आठवण म्हणून जपली आहे, तर कुणी हौसेने रिस्टोअर करतंय.

या जुन्या गाड्यांमध्ये एक दुखणं कधी ना कधी डोकं वर काढतं, ते म्हणजे मागून येणारा पेट्रोलचा वास आणि गंजलेली टाकी. मग व्हिडिओ बघून टाकी घरीच बदलायचा विचार सुरू होतो. बोल्ट काढायचे, जुनी उतरवायची, नवी चढवायची, एवढंच तर काम! पण यातलं अवघड काम बोल्टचं नाही, पेट्रोलचं आहे.

टाकी गंजते कशी?

जुन्या ८००ची टाकी पत्र्याची असते आणि ती गाडीच्या मागच्या भागात, तळाखाली बसवलेली असते. चिखल, पावसाचं पाणी, उडणारे खडे सगळं तिच्यावरच येतं. टाकी आणि बॉडी यांच्या मधल्या फटीत ओल साचते आणि गंज बाहेरून आत सरकतो.

आतूनही गंज चढतो. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली की अर्ध्या रिकाम्या टाकीतल्या हवेतलं बाष्प पत्र्यावर जमतं. त्यात आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल पाणी शोषून घेतं. पाण्याचं प्रमाण फार वाढलं, तर पाणी आणि इथेनॉल पेट्रोलपासून वेगळं होऊन तळाशी बसतं. जुन्या रबरी पाइपांनाही इथेनॉल मानवत नाही. ते फुगतात, कडक होतात, त्यांना चिरा जातात.

आधी खात्री करा

वास आला म्हणजे टाकीच गेली, असं नाही. टाकी फुल केल्यावरच वास येत असेल, तर वरचा जोड, गेजच्या युनिटचं गॅस्केट किंवा पेट्रोल भरायच्या नळीचा रबरी पाइप तपासा. काम तेवढ्यावर भागू शकतं. खालून पत्रा ओला दिसत असेल किंवा फिल्टरमध्ये वारंवार तांबूस गाळ येत असेल, तर मात्र टाकीकडे बघायलाच हवं.

खरा धोका वाफेचा

पेट्रोल उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपासच्या थंडीतही पेट घेण्याइतकी वाफ सोडतं. ही वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर उडून जात नाही, जमिनीलगत पसरते आणि खड्ड्यात, गटारात, बेसमेंटमध्ये साचते. काही फुटांवरची ठिणगीही तिला पुरते.

म्हणूनच रिकामी टाकी सुरक्षित, हा समज जिवावर बेतू शकतो. भरलेल्या टाकीत वाफेला जागा कमी असते. रिकाम्या टाकीत मात्र वाफ आणि हवेचं मिश्रण असतं आणि स्फोटाला तेच लागतं. जुन्या टाकीला घरी वेल्डिंग करू नये, ते याचसाठी.

काम कसं होतं?

१. जागा उघडी हवी. सोसायटीचं बेसमेंट किंवा बंद गॅरेज चालणार नाही. गॅस, देवघरातला दिवा, सिगारेट, साधा हँडलॅम्प सगळं लांब. ड्राय पावडरचं अग्निशामक हाताशी हवं.

२. आधी गाडी चालवून पेट्रोल जमेल तेवढं संपवा. इंजिन गार झाल्यावर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा.

३. उरलेलं पेट्रोल हातपंपाने काढा. पाइप तोंडाने ओढू नका, फुप्फुसात पेट्रोल गेलं तर प्रकरण गंभीर होतं. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यानुसार परवान्याशिवाय जास्तीत जास्त ३० लिटर पेट्रोल ठेवता येतं आणि तेही घट्ट झाकणाच्या, २५ लिटरपर्यंतच्या धातूच्या कॅनमध्ये. पाण्याच्या बाटल्या आणि बादल्या नकोत.

४. गाडी सपाट जागी, चाकांना अडण लावून, स्टँडवर उभी करा. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका.

५. पाइप काढण्याआधी फोटो घ्या, प्रत्येकाला चिकटपट्टी लावून नाव द्या. इंजिनकडे जाणारा आणि परत येणारा पाइप उलटे लागले, तर दुसऱ्या दिवशी डोकं धरून बसावं लागतं.

६. गंजलेल्या बोल्टवर आदल्या रात्रीच गंज सोडवणारं तेल मारा. ग्राइंडर किंवा टॉर्चची आच इथे चालणार नाही.

७. टाकीखाली फळी आणि जॅक लावून ती थोडी खाली घ्या. वरचे पाइप आणि गेजची वायर सुटली की मगच पूर्ण उतरवा.

८. नवी टाकी आतून स्वच्छ आणि कोरडी आहे ना, ते बघा. गॅस्केट, क्लॅम्प, फिल्टर आणि रबरी पाइप नवेच घाला. पाइप इथेनॉल पेट्रोलला चालणाराच घ्या, पाण्याचा नको.

शेवटची परीक्षा

सुरुवातीला दोन-तीन लिटरच पेट्रोल घाला. पंधरा मिनिटं थांबून प्रत्येक जोड कोरड्या कागदाने पुसून बघा. मग बॅटरी जोडा, इंजिन चालू करा आणि पुन्हा बघा. पुढे टाकी फुल केल्यावर तिसऱ्यांदा तपासा, कारण वरच्या जोडांची गळती तेव्हाच दिसते. काही अंतर गेल्यावर इंजिन बंद पडत असेल आणि झाकण उघडताच हवा आत ओढल्याचा आवाज येत असेल, तर हवेचा पाइप दुमडलेला असू शकतो.

मेकॅनिककडे कधी जावं?

कार्ब्युरेटरच्या ८००मध्ये पंप इंजिनवर असतो आणि पेट्रोलचा दाब कमी असतो. नंतरच्या एमपीएफआय गाड्यांमध्ये विजेचा पंप टाकीतच असतो आणि पाइपात दाब असतो. तो आधी न उतरवता जोड सैल केला, तर पेट्रोल फवाऱ्यासारखं उडतं. हे माहीत नसेल, उघडी जागा नसेल किंवा मदतीला दुसरं माणूस नसेल, तर काम मेकॅनिककडेच द्यावं.

आणि हो, जुनी टाकी भंगारात देताना तिच्यात पेट्रोल होतं हे आवर्जून सांगा. ती कटरने कापणाऱ्या माणसाला ते बाहेरून दिसत नाही.