रोख्याच्या मागे जाणारं न्यायालय

यवतमाळ जिल्हा एकदा अख्खाच्या अख्खा कर्जापोटी गेला होता. साल 1853. हैदराबाद कंटिंजंट नावाच्या फौजेचा पगार निजामाने द्यायचा, असा शिरस्ता होता. तो थकला म्हणून ईस्ट इंडिया कंपनीने निजामाच्या नावे सुमारे 50 लाख रुपयांची बाकी काढली. गव्हर्नर जनरल डलहौसी, हैदराबादेत कंपनीचा प्रतिनिधी म्हणजे रेसिडेंट कर्नल लो. दोघांनी मिळून तह निजामाच्या गळी उतरवला आणि वऱ्हाड कंपनीच्या ताब्यात गेलं. त्या वऱ्हाडाच्या पूर्वेचा मुलूख पुढे वणी जिल्हा म्हणून ओळखला जाऊ लागला. 1905 पासून त्याचं नाव यवतमाळ.

ही बाकी वादातली होती. निजामाच्या बाजूचं म्हणणं असं की सिकंदराबाद आणि जालना इथल्या छावण्यांमधली अबकारी कंपनीने वर्षानुवर्षं स्वतःकडे ठेवली, ती आमच्या खात्यावर जमा धरा, मग बोला कोण कुणाचं देणं लागतो. गंमत अशी की 1860 मध्ये खुद्द ब्रिटिश रेसिडेंट कर्नल डेव्हिडसन यांनीच सरकारला लिहिलं की दोन्ही बाजूंचा हिशेब निष्पक्षपणे केला असता तर 1853 साली निजामाकडे आपलं फारसं काही निघतच नव्हतं. त्याच वर्षी नवा तह झाला. 50 लाखांचं कर्ज माफ झालं, 1853 मध्ये वऱ्हाडाबरोबर गेलेले रायचूर दुआब आणि धाराशिव निजामाला परत मिळाले, वऱ्हाड मात्र राहिलं ते राहिलंच. कर्ज संपलं तरी तारण सुटलं नाही. निजामाचे दिवाण सालारजंग 1876 मध्ये हा प्रश्न घेऊन इंग्लंडपर्यंत गेले आणि रिकाम्या हाताने परतले. शेवटी 1902 मध्ये व्हाइसरॉय कर्झनने सालाना 25 लाख रुपयांवर वऱ्हाडाचा कायमचा पट्टाच लिहून घेतला.

या सगळ्या अर्धशतकात एक साधी गोष्ट घडली नाही. कुणा त्रयस्थाने धनकोला समोर बसवून ‘पहिल्या नोंदीपासून हिशेब दाखवा’ असं म्हटलं नाही. धनकोच फिर्यादी होता आणि धनकोच न्यायाधीश.

म्हणूनच मला पुढची गोष्ट विलक्षण वाटते. याच जिल्ह्यातला एखादा साधा माणूस, म्हणजे घाटंजीचा छोटा व्यापारी किंवा उमरखेडचा कापूस पिकवणारा, कर्जात पूर्ण बुडाला आणि न्यायालयात गेला, तर तिथला कायदा नेमकं हेच विचारतो. हा कायदा म्हणजे 1920 चा प्रांतिक नादारी अधिनियम. वऱ्हाड कागदोपत्री निजामाचंच असल्यामुळे ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे इथे आपोआप लागू होत नसत. 1941 मध्ये खास वऱ्हाडासाठी वेगळा अधिनियम करून अनेक कायदे इथे रीतसर लागू केले गेले, त्यात हाही होता. 2016 ची नवी दिवाळखोरी संहिता आल्यावर तो इतिहासजमा झाला असेल असं अनेकांना वाटतं. तसं झालेलं नाही. त्या संहितेतला व्यक्तींविषयीचा भाग 1 डिसेंबर 2019 पासून फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरता सुरू झाला आहे. बाकी सगळ्यांसाठी मुंबईत 1909 चा आणि यवतमाळसारख्या जिल्ह्यात 1920 चाच कायदा चालतो. त्यात अजून 500 रुपयांच्या कर्जाची अट आहे, आणि बुडालेल्या माणसाकडच्या नोकराला चार महिन्यांच्या पगारापोटी अग्रक्रमाने किती मिळावं, तर 20 रुपये!

आकडे शंभर वर्षांपूर्वीचे आहेत, पण त्यामागचा विचार अजून ताजा आहे.

न्यायालयाने एखाद्याला नादार, म्हणजे दिवाळखोर, ठरवलं की त्याची मालमत्ता न्यायालयाच्या किंवा त्याने नेमलेल्या रिसीव्हरच्या ताब्यात जाते. सगळी नाही. शेतीची अवजारं, कामाची गुरं, बियाणं, शेतकऱ्याचं राहतं घर, धार्मिक रूढीने बाईच्या अंगावरून उतरवता येत नाहीत असे दागिने, हे सगळं दिवाणी प्रक्रिया संहितेने जप्तीतून वगळलेलं आहे, ते इथेही वगळलं जातं. उरलेल्याची विक्री होते आणि पैसा धनकोंत प्रमाणशीर वाटला जातो. त्यासाठी आधी ठरवावं लागतं की धनको कोण. कायद्याचं कलम 33 सांगतं की जो कुणी स्वतःला धनको म्हणवतो त्याने रकमेचा आणि तपशिलाचा पुरावा द्यावा. मग न्यायालय हुकूम करून कुणाचं किती कर्ज सिद्ध झालं ते ठरवेल आणि तशी यादी तयार करेल.

आता खरं आश्चर्य. साध्या दिवाणी दाव्यात प्रतिवादी उभा राहून ‘होय, माझं देणं आहे’ म्हणाला की बहुतेक वेळा प्रकरण तिथेच संपतं. नादारीत संपत नाही. कर्जदाराने कबूल केलं तरी न्यायालय म्हणू शकतं की तुमची कबुली ऐकली, आता पुरावा आणा.

असं का? बुडालेल्या माणसाला एका धनकोचं देणं कबूल करायला काहीच खर्च येत नाही. मालमत्ता तर गेलेलीच आहे. मग मेहुण्याच्या नावे, मित्राच्या नावे दोन-चार लाखांचं कर्ज ‘आठवलं’ तर त्याच्या खिशातून काय जातं? जातं ते दुसऱ्या धनकोंच्या खिशातून.

आकडे मांडून पाहू. समजा, खर्च वजा जाता वाटायला 6 लाख रुपये उरले. निर्विवाद कर्जं 20 लाखांची. म्हणजे रुपयाला 30 पैसे पडतात, आणि 5 लाख येणं असलेल्या सहकारी संस्थेला दीड लाख मिळतात. आता एक जण 12 लाखांची वचनचिठ्ठी घेऊन येतो. कर्जदार मान हलवतो. चिठ्ठी मान्य झाली तर एकूण कर्ज 32 लाख, रुपयाला पावणेएकोणीस पैसे, आणि त्याच संस्थेच्या हाती 93,750 रुपये. एका होकाराने तिचे 56,250 रुपये उडाले. तिने ना चिठ्ठी पाहिली होती, ना त्या व्यवहाराशी तिचा काही संबंध होता. म्हणून वादातला धनको आपला दावा एकट्या कर्जदारासमोर सिद्ध करत नसतो, तो बाकीच्या सगळ्या धनकोंसमोर सिद्ध करत असतो. हे लक्षात आलं की या कायद्यातल्या अर्ध्या तरतुदींचं कोडं सुटतं.

इंग्लंडच्या न्यायालयांनी एकोणिसाव्या शतकात हे सूत्र थेट टोकाला नेलं. पुढे 1907 च्या व्हॅन लॉन प्रकरणात तर स्पष्टच म्हटलं गेलं की दिवाळखोराविरुद्ध मिळालेला निकाल असो, त्याने लिहून दिलेला करार असो की मान्य केलेला हिशेब, त्यामागे खरं कर्ज होतं का हे तपासण्याचा विश्वस्ताचा, म्हणजे तिथल्या रिसीव्हरचा, हक्क कशानेही हिरावला जात नाही. भारतीय न्यायालयांनीही हे तत्त्व उचललं. दुसऱ्या न्यायालयाचा पक्का हुकूमनामा हातात असला तरी नादारीचं न्यायालय त्याच्या पाठीमागे जाऊन विचारू शकतं की पैसे खरंच दिले होते का. एरवी हुकूमनाम्याला हात लावणं किती अवघड असतं हे ज्यांना माहीत आहे त्यांनाच याचं नवल कळेल.

महाराष्ट्राच्या मातीत हा विचार त्याआधीच वेगळ्या वाटेने उगवला होता. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे ताब्यात घेऊन जाळले आणि दंगे पसरत गेले. त्यातून 1879 चा डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट आला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांत न्यायाधीशाला सांगण्यात आलं की रोख्यावरचा आकडा प्रमाण मानू नका, व्यवहार मुळात कसा सुरू झाला तिथपासून चौकशी करा. शेतकऱ्याने कर्ज कबूल केलं तरी, ही कबुली खरी आहे आणि आपले हक्क समजून दिलेली आहे अशी खात्री पटल्याशिवाय चौकशी सोडू नका. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी याच कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून काम केलं. सुप्याच्या शेतकऱ्यांनी जे कागद आगीत टाकले, ते कायद्याने उघडून वाचायला सांगितलं. वऱ्हाडाला तो कायदा लागू नव्हता, पण त्यातली दृष्टी मला आजही अस्सल वाटते.

मग पुरावा म्हणजे काय? सुरुवात अगदी सोपी आहे. धनकोने कर्जाच्या तपशिलाचं प्रतिज्ञापत्र न्यायालयात द्यायचं किंवा रजिस्टर पोस्टाने पाठवायचं, सोबत हिशेब आणि पावत्यांचा उल्लेख. कुणी हरकत घेतली नाही तर एवढ्यावर भागू शकतं. हरकत आली की खरी कसोटी सुरू होते. एखादी नोंद चुकीने यादीत शिरली असेल तर रिसीव्हर ती काढायला किंवा कमी करायला सांगू शकतो. रिसीव्हर नेमलेला नसेल किंवा तो लक्ष घालत नसेल तर दुसरा धनकोही तसा अर्ज करू शकतो.

व्यापारी म्हणतो, माझी कीर्द-खतावणी बघा. कायदा म्हणतो, बघतो, पण तेवढ्याने भागणार नाही. नियमितपणे ठेवलेल्या हिशेबवह्यांतली नोंद पुराव्यात येते, मात्र निव्वळ त्या नोंदीवरून कुणाच्या डोक्यावर देणं बसवता येत नाही. 1872 च्या पुरावा कायद्यात हे होतं आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे. राजकारण्यांना पैसे दिल्याच्या आरोपांच्या जैन हवाला प्रकरणात 1998 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच नियमावर बोट ठेवलं होतं आणि सुट्या कागदांना तर वही म्हणायलाच नकार दिला होता. दिल्लीच्या बड्या मंडळींना लागलेला तो नियम राळेगावच्या कृषी केंद्राच्या उधारी वहीलाही तसाच लागतो. आपण लिहिलेल्या ओळीने दुसऱ्याला ऋणी करता येत नाही. वहीला पावतीची, सहीची, बँकेच्या उताऱ्याची, साक्षीदाराची जोड लागते.

सही केलेल्या धनादेशाचं आणि वचनचिठ्ठीचं तसं नाही. तिथे मोबदला मिळाला होता असं कायदा आधी गृहीत धरतो आणि उलट दाखवायची जबाबदारी नाकारणाऱ्यावर टाकतो. कोरा धनादेश सही करून देण्याची सवय म्हणूनच घातक आहे. पण नादारीत बाकीचे धनकोही प्रश्न विचारू शकतात: एवढी रक्कम देण्याची या माणसाची ऐपत होती का, पैसे कोणत्या खात्यातून निघाले, कुठे गेले? तीन वर्षांची मुदत उलटून कर्ज कालबाह्य झालं होतं का, हाही प्रश्न येतोच.

कलम 46 वाचताना मात्र मला नेहमी सिकंदराबाद-जालन्याची अबकारी आठवते. धनको आणि कर्जदार यांच्यात दोन्हीकडून देणं-घेणं असेल तर दोन्ही बाजू मांडून फक्त शिल्लक सिद्ध झालेली मानावी, असं ते कलम सांगतं. समजा, एका अडत्याची बियाणं-खतापोटी 2,60,000 ची बाकी आहे, पण त्यानेच कर्जदाराचा 1,10,000 चा कापूस उचलून पैसे दिलेले नाहीत. मग यादीत त्याचं नाव दीड लाखापुढेच लागेल. निजामाला जी वजावट मिळाली नाही ती पांढरकवड्याच्या कापूस उत्पादकाला कायद्याने मिळते.

व्याजाचंही असंच. व्याज मुद्दलाच्या पुढे जाऊ नये हा दामदुपटीचा जुना धर्मशास्त्रीय नियम मुंबई इलाख्याबरोबर वऱ्हाडातही चालत आला. 2014 च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्यातही तो लेखी आहे. त्याच कायद्याप्रमाणे परवाना नसलेल्या सावकाराच्या बाजूने न्यायालय हुकूमनामा देत नाही. नात्यातल्याने अडीनडीला दिलेले हातउसने पैसे म्हणजे सावकारीचा धंदा नव्हे, त्यामुळे अशा धनकोने घाबरायचं कारण नाही. त्याने फक्त पैसे दिल्याचं दाखवायचं.

विदर्भातली सगळ्यात जिव्हारी लागणारी गोष्ट वेगळीच आहे. इथे कर्ज अनेकदा कर्ज म्हणून लिहिलंच जात नाही. शेताचं खरेदीखत करून घेतात, आणि पैसे फेडले की शेत परत हे फक्त तोंडी. असा माणूस नादारीच्या न्यायालयात धनको म्हणून येत नाही, मालक म्हणून येतो. तरीही दोन दारं उघडी असतात. नादारीच्या अर्जाआधीच्या दोन वर्षांतलं हस्तांतर प्रामाणिकपणे आणि योग्य मोबदल्यात झालेलं नसेल तर न्यायालय ते रद्द ठरवू शकतं. आणि सावकारीतून जमीन गेली असेल तर 2014 च्या कायद्याखाली सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे, म्हणजे यवतमाळातच, अर्ज करता येतो. चौकशीत ते खरेदीखत कर्जाचं तारण होतं असं निघालं तर जमीन परत देण्याचा आदेश होऊ शकतो. इथेही कागदाच्या मागे जाऊनच पाहिलं जातं.

इतकं सगळं कायद्यात असताना लोक नादारीच्या दारापर्यंत जात नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं. दिवाळखोर ही आपल्याकडे शिवी आहे. माणसं ती शिवी टाळण्यासाठी स्वतःला संपवतात, आणि कुणाचा किती दावा खरा होता हे कुणी तपासतच नाही. म्हणून वाचकांना कळकळीने सांगणं आहे. कोऱ्या कागदावर किंवा धनादेशावर सही करू नका. प्रत्येक हप्त्याची पावती घ्या. सावकाराकडे लेखी हिशेब मागा, तो देणं कायद्याने त्याच्यावर बंधनकारक आहे. आणि बोजा झेपेनासा झाला तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींतले लोक आणि अल्प उत्पन्न असलेल्यांना तिथे वकील मोफत मिळतो.