वळूचा हिशेब कुणाच्या गोठ्यात?

पूर्णगडात गाय माजावर आली की पर्यवेक्षकाला फोन जातो. तो नायट्रोजनचा डबा घेऊन येतो, उणे १९६ अंशांत ठेवलेली कांडी काढतो, कोमट पाण्यात धरतो आणि गाय भरवतो. कांडीवर बारीक अक्षरांत वळूचा क्रमांक आणि जात छापलेली असते. गायवाला विचारतो, ‘पाडी झाली तर दूध किती देईल?’ प्रश्न अगदी रास्त आहे. पण कांडी ज्याची, तो वळू स्वतः दूध देत नाही. त्याची परीक्षा घ्यायची कशी?

ती घेतात त्याच्या लेकींवरून. वळूचे रेत अनेक गावांतल्या अनेक गोठ्यांत वाटायचे, पाड्या जन्मल्या की वाढू द्यायच्या, व्याल्या की दूध मोजायचे. एखादीला पेंड जास्त मिळाली, एखादी ऐन वैशाखात व्याली, एखादीचे ते तिसरे वेत. हे सगळे फरक गणिताने बाजूला काढायचे आणि उरलेल्या फरकातून बापाचा वाटा शोधायचा. यात पाच-सहा वर्षे सहज जातात. एकट्या गोठ्यातल्या शंभर लेकींपेक्षा शंभर गोठ्यांतली एकेक लेक इथे जास्त खरे सांगते, कारण मग ते यश वळूचे की मालकाच्या हाताचे, ही शंका उरत नाही.

एका देशापुरते हे जमते. अडचण येते ती रेत सीमा ओलांडू लागले की. कॅनडाने दिलेला आकडा कॅनडाच्या गायींच्या सरासरीशी तोललेला असतो, फ्रान्सचा फ्रान्सच्या. मोजमापाची एककेही नेहमी सारखी नसतात. म्हणून १९८३ मध्ये ‘इंटरबुल’ ही संस्था उभी राहिली. पुढे ती पशुनोंदींच्या आंतरराष्ट्रीय समितीचा भाग झाली. (या समितीची इंग्रजी आद्याक्षरे आपल्या भारतीय कृषी अनुसंधान परिषदेसारखीच, आयसीएआर. वाचताना दर वेळी थांबून पाहावे लागते.) १९९१ पासून तिचे केंद्र स्वीडनमध्ये, उप्साला येथील कृषी विद्यापीठात आहे.

कॅनडातील गेल्फ विद्यापीठाचे लॅरी शेफर यांनी १९९४ मध्ये मांडलेली पद्धत इथल्या कामाचा कणा ठरली. प्रत्येक देश आपल्या वळूंचे आकडे आणि वंशावळ पाठवतो. काही वळूंच्या लेकी दोन-तीन देशांत असतात, शिवाय बाप, आजा, भाऊ यांच्या नात्याने बाकीचे वळू जोडले जातात. या धाग्यांवरून दोन देशांचे निकाल एकमेकांशी किती जुळतात ते काढतात. मला या पद्धतीतली सर्वांत शहाणी गोष्ट वाटते ती ही, की ती जगाची एकच गुणवत्ता यादी लावत नाही. प्रत्येक देशाला त्याच्या मापात वेगळी यादी मिळते आणि तोच वळू एका यादीत वर, दुसऱ्या यादीत खाली असू शकतो. उत्तर अमेरिका आणि पश्चिम युरोप यांचे दुधाचे निकाल बरेच जुळतात. न्यूझीलंडमध्ये गायी मुख्यतः कुरणावर चरतात. त्यांचा इतरांशी मेळ साधारण पाऊणच बसतो.

आता तोच होल्स्टीन वळू पूर्णगडच्या जांभ्याच्या सड्यावर आणून पाहा. दमट उकाडा, तीन हजार मिलीमीटरहून जास्त पाऊस, भाताचा पेंढा, घरटी एक-दोन गायी. कुरणामुळे एवढा फरक पडतो, तर इथे किती पडेल? उप्सालाच्या यादीत याचे उत्तर नाही, कारण त्या गणनेत भारताचा रकाना नाही. रकाना मागून मिळत नसतो. आधी लेकींच्या नोंदी लागतात.

नोंदी एकत्र केल्या की काय हाती लागते, याचे एक कटू उदाहरण आहे. १९६२ मध्ये अमेरिकेत जन्मलेल्या ‘चीफ’ नावाच्या होल्स्टीन वळूच्या लेकींनी विक्रमी दूध दिले आणि त्याचा वंश जगभर पसरला. पुढे हजारो जनावरांचे जनुकीय नमुने एकत्र तपासताना संशोधकांना एक रिकामी जागा दिसली. त्याच्या वंशातला एक विशिष्ट तुकडा आई आणि बाप दोघांकडून घेतलेले जनावर कुठेच सापडेना. ती वासरे गर्भातच मरत होती. २०१६ च्या एका अभ्यासाने अशा गर्भपातांचा जगभरचा अंदाज ५ लाखांवर नेला. दूध मोजून हा दोष कधीच कळला नसता. भारतातही रेतन केंद्रात वळू घेताना काही आनुवंशिक दोषांची तपासणी आता सक्तीची आहे.

जनुकीय तपासणीने वाट जवळची केली. अमेरिकेने २००९ पासून तरुण होल्स्टीन वळूंचे अधिकृत मूल्यांकन रक्ताच्या किंवा केसांच्या नमुन्यावरून सुरू केले. आपल्याकडे गायींसाठी ‘गौ चिप’ आणि म्हशींसाठी ‘महिष चिप’ यांचे उद्घाटन ५ ऑक्टोबर २०२४ रोजी वाशीमला झाले. मात्र चिप दूध ओळखत नाही. कोणत्या खुणेबरोबर किती दूध येते, हे तिला नोंदी असलेल्या हजारो गायींवरून शिकवावे लागते. ब्राऊन स्विस गायी पाळणाऱ्या देशांनी म्हणूनच आपापले जनुकीय नमुने एकत्र केले. एकेकट्याकडचे वळू पुरे पडत नव्हते.

गीरची गोष्ट तर आपल्याच घरची. सौराष्ट्रातून ही जनावरे ब्राझीलला गेली, तिथे १९८५ पासून त्यांच्या वळूंची लेकींवरून रीतसर परीक्षा सुरू झाली आणि आता त्या वंशाचे रेत इकडे आणण्याचे प्रयत्न चालतात. गाय आपली, वही त्यांची. त्या वहीतला आकडा आपल्या गोठ्यात कितपत उतरेल, हे सांगायला दोन्हीकडे लेकी असलेले वळू आणि दोन्हीकडच्या नोंदी हव्यात.

कोकण कपिलेला तर परदेशी यादीचा उपयोगच नाही. २०१८ मध्ये तिची स्वतंत्र जात म्हणून नोंद झाली. तिच्या वळूची परीक्षा पूर्णगड, गावखडी, पावस अशा गावांतच घ्यावी लागेल. घरटी एक-दोन गायी ही एरवी आपली अडचण, पण इथे ती सोय आहे. लेकी आपोआप अनेक हातांत वाटल्या जातात. महिन्यातून एक दिवस सकाळ-संध्याकाळचे दूध मोजून लिहायचे, एवढे काम. कानात बारा आकडी पिवळा बिल्ला आलाच आहे. त्यापुढे बापाचा क्रमांक लिहिला गेला पाहिजे, आणि बहुतेक वेळा तो कांडीबरोबरच कचऱ्यात जातो. या दिवाळीत भरवलेली गाय पुढच्या आषाढ-श्रावणात व्याली आणि पाडी झाली, तर त्या पाडीचे पहिले दूध मोजायला अजून तीन-चार वर्षे आहेत. बापाचा क्रमांक मात्र आजच लिहावा लागतो.