निराधार बालक आणि आपली जबाबदारी

भायखळ्याच्या सांकली स्ट्रीटवरील ‘आशादान’ लालबाग-परळकरांना अपरिचित नाही. हिंदुस्थान लीव्हर कंपनीने उपलब्ध करून दिलेल्या जागेत मदर तेरेसा यांच्या मिशनरीज ऑफ चॅरिटी या संघाच्या भगिनी १९७६ पासून टाकून दिलेल्या अर्भकांचा व दिव्यांग मुलांचा सांभाळ करीत आल्या आहेत. वडाळ्यास रस्त्यावरील मुलांसाठी ‘शेल्टर डॉन बॉस्को’ १९८७ मध्ये सुरू झाले.

मात्र सापडलेले मूल भगिनींच्या हाती सोपविले की कर्तव्य संपले, ही समजूत सद्भावनेची असली तरी घातक आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ अन्वये २४ तासांच्या आत खबर देणे बंधनकारक असून, ती न देणे हा अपराध होय. मूल बालकल्याण समितीपुढे आलेच नाही, तर आईवडिलांचा शोध होत नाही व ते दत्तकासाठी कायद्याने मुक्तही ठरत नाही. दोन वर्षांपर्यंतच्या मुलाबाबत हा निर्णय दोन महिन्यांत, मोठ्या मुलाबाबत चार महिन्यांत व्हावयाचा असतो.

दत्तक देण्याचे काम तर या संघाने २०१५ मध्येच थांबविले. एकट्या व्यक्तीस मूल देण्याची तरतूद त्यास मान्य नव्हती. इच्छुक दांपत्यांनी केंद्रीय दत्तक प्राधिकरणाकडेच नोंदणी करावी. मूल आढळताच शिक्षक वा सरपंचांनी प्रथम १०९८ या क्रमांकावर कळवावे.