बाँडची बदली पिस्तुले

‘डॉ. नो’ या १९६२ सालच्या चित्रपटात एक छोटासा प्रसंग आहे. लंडनच्या कचेरीत वरिष्ठ अधिकारी ‘एम’ जेम्स बाँडला त्याचे लाडके बेरेटा पिस्तूल टेबलावर ठेवायला लावतो. मागच्या कामगिरीत ते ऐन वेळी अडकले होते आणि बाँडला सहा महिने इस्पितळात काढावे लागले होते. शस्त्रागाराचा प्रमुख त्याला नवे हत्यार देतो, वॉल्थर पीपीके. बाँड झालेला शॉन कॉनरी नाखुशीने ते घेतो आणि जाता जाता बेरेटाही गुपचूप उचलून नेऊ पाहतो. एम त्याला तिथेच अडवतो.

तेव्हापासून बाँड म्हटले की पीपीके हे ठरून गेले. पण त्या चित्रपटात कॉनरीने वापरलेले पिस्तूल पीपीके नव्हते. ते होते वॉल्थर पीपी, पीपीकेचे थोरले भावंड. जर्मनीत थुरिंगियामधल्या झेला-मेहलिस गावी वॉल्थरचा कारखाना होता. तिथे १९२९ मध्ये पोलिसांसाठी पीपी तयार झाले. साध्या वेशातल्या पोलिसांना ते कोटाखाली लपवता यावे म्हणून थोड्याच काळात नळी आणि मूठ आखूड करून पीपीके घडवले गेले. दोघांच्या नळ्यांतला फरक बोटाच्या एका पेराएवढाही नाही. चित्रपटगृहात बसलेल्या कोणाला तो कळणार?

हेरपटांतल्या शस्त्रांचा मागोवा घेताना मला पुन्हा पुन्हा हेच दिसत आले. गिरणीत बदली कामगार असावा तसे एकाच्या जागी दुसरे हत्यार उभे राहते आणि काम निभावून नेते.

मुळात पीपीके बाँडकडे आले तेही बदली म्हणूनच. इयन फ्लेमिंगने १९५३ च्या ‘कॅसिनो रोयाल’ कादंबरीत बाँडला २५ कॅलिबरचे बेरेटा दिले होते. १९५६ मध्ये ग्लासगोच्या जेफ्री बूथरॉइड या शस्त्रांच्या अभ्यासकाने फ्लेमिंगला पत्र लिहिले, की हे पिस्तूल बायकांच्या पर्समध्ये शोभण्यासारखे आहे, बाँडसारख्या माणसाच्या हाती ते शोभत नाही. त्याने सुचवले होते स्मिथ अँड वेसनचे रिव्हॉल्व्हर आणि त्याच्यासाठी बर्न्स-मार्टिनचे चामडी म्यान. पुढे पत्रव्यवहार वाढला आणि फ्लेमिंगने अखेर निवडले पीपीके. १९५८ च्या ‘डॉ. नो’ कादंबरीत ते बाँडला देणाऱ्या अधिकाऱ्याचे नावच त्याने मेजर बूथरॉइड ठेवले. म्यान मात्र रिव्हॉल्व्हरचेच राहिले. पीपीकेसाठी ते बनलेलेच नव्हते, आणि जाणकार वाचकांना ती चूक आजही खुपते. मला त्या चुकीबद्दल जिव्हाळा वाटतो. वाचकाचे पत्र इतके मनावर घेणारे लेखक किती असतील?

‘फ्रॉम रशिया विथ लव्ह’ या बाँडपटाच्या जाहिरातीसाठी छायाचित्रकार डेव्हिड हर्न कॉनरीचे फोटो काढायला बसला, तेव्हा पीपीके आणायचेच राहून गेले होते. हर्नकडे स्वतःचे एक पिस्तूल होते, वॉल्थर एलपी-५३. लांब नळीचे, पण हवेच्या दाबावर चालणारे, घरच्या घरी नेमबाजीच्या सरावाचे. कॉनरीने तेच छातीशी धरले. जाहिरातीत त्याच्या जागी पीपीके रंगवून घेऊ असा विचार होता, पण कितीतरी पोस्टरांवर ती लांब नळी तशीच राहिली. जगाच्या भिंतींवर चिकटलेली बाँडची ती प्रतिमा एका हवेच्या बंदुकीची आहे. २०१० मध्ये क्रिस्टीजच्या लिलावात त्या पिस्तुलाला २,७७,२५० पौंड मिळाले.

सगळ्यांत सुंदर बदली मला १९७४ च्या ‘द मॅन विथ द गोल्डन गन’मधली वाटते. फ्लेमिंगच्या कादंबरीतला मारेकरी स्कारामांगा सोन्याचा मुलामा दिलेले कोल्ट पॉइंट ४५ वापरतो. पडद्यावर ते कोणत्याही दागिनेवेड्या गुंडाचे हत्यार वाटले असते. चित्रपटवाल्यांनी दुसरी युक्ती काढली. स्कारामांगा झालेला ख्रिस्तोफर ली टेबलाशी बसतो, खिशातून एकेक वस्तू काढतो आणि जोडत जातो. फाउंटन पेन ही नळी, सिगारेट लायटर हा काडतुसाचा कप्पा, सिगारेटची डबी ही मूठ, आणि शर्टाच्या बाहीचे बटण हा चाप. आत मावते एकच गोळी, ४.२ मिलिमीटरची, सोन्याची. हे पिस्तूल कधीच खरे नव्हते, पण माणसाचा नेम आणि त्याचा गर्व या दोन्ही गोष्टी त्या एका गोळीत येतात. वस्तू बोलते ती अशी. २००८ मध्ये इंग्लंडमधल्या एल्स्ट्री प्रॉप्स या कंपनीतून या चित्रपटातले एक सोनेरी पिस्तूल चोरीला गेले. त्याची किंमत तेव्हा ८०,००० पौंड धरली होती.

आपल्या उदयपुरात चित्रित झालेल्या १९८३ च्या ‘ऑक्टोपसी’तही बदली आहे. रॉजर मूर पीपीके कुठेतरी राहिल्याचे सांगतो आणि वॉल्थरचेच पी-५ वापरतो. त्याच्यामागे लागलेल्या गोबिंदाच्या, म्हणजे कबीर बेदीच्या हाती मात्र रुंद तोंडाची जुनाट ब्लंडरबस आहे. १९९७ मध्ये पिअर्स ब्रॉस्ननने वॉल्थर पी-९९ उचलले आणि २००८ च्या ‘क्वांटम ऑफ सोलेस’मध्ये डॅनियल क्रेग पुन्हा पीपीकेकडे आला.

आता बार उडण्याचे बघू. दिवाळीत टिकल्यांचे पिस्तूल उडवलेल्या कोणालाही वाटेल की चित्रपटातले पिस्तूल म्हणजे त्याचीच मोठी आवृत्ती. तसे नाही. ‘ब्लँक’ काडतुसात शिशाची गोळी नसते, पण पितळी पुंगळी खरी असते आणि दारूही खरी असते. पुंगळीचे तोंड चुण्या घालून मिटवलेले असते किंवा त्यात बुच बसवलेले असते. रिव्हॉल्व्हरला एवढे पुरते. पीपीकेसारख्या स्वयंचलित पिस्तुलाला पुरत नाही. त्याची वरची स्लाइड गोळीच्या उलट धक्क्याने मागे जाते, रिकामी पुंगळी बाहेर फेकते आणि स्प्रिंगच्या जोराने परत येताना नवे काडतूस आत ढकलते. गोळीच नसेल तर वायू समोरून सहज निसटतो आणि स्लाइड जागची हलत नाही. म्हणून आर्मरर, म्हणजे सेटवरची शस्त्रे सांभाळणारा माणूस, नळीच्या आत बारीक भोकाची चकती बसवतो. वायू कोंडतो, दाब वाढतो, स्लाइड फिरते, तोंडाशी ज्वाळा दिसते. खऱ्या पिस्तुलाचे बाकी सगळे त्यात शिल्लक असते.

पिस्तुलाच्या जागी पिस्तूल चालते. काडतुसाशी हयगय झाली किंवा त्याच्या जागी भलतेच काडतूस आले की माणूस जातो. १९८४ च्या ऑक्टोबरात ‘कव्हर अप’ या अमेरिकी हेरमालिकेच्या सेटवर जॉन-एरिक हेक्समने चित्रीकरणाच्या खोळंब्यात ब्लँक भरलेले पॉइंट ४४ रिव्हॉल्व्हर गमतीने कानशिलाला लावले आणि चाप ओढला. गोळी नव्हती. पण वायूच्या दणक्याने कवटीच्या हाडाचा तुकडा मेंदूत घुसला आणि काही दिवसांनी तो गेला. वय २६. १९९३ च्या ३१ मार्चला नॉर्थ कॅरोलिनात ‘द क्रो’च्या चित्रीकरणात ब्रँडन लीचा जीव गेला, तो एका फुसक्या बारामुळे. जवळून दाखवण्यासाठी खऱ्या काडतुसांतली दारू काढून गोळ्या पुन्हा बसवल्या होत्या, पण बुडाची, दारू पेटवणारी टोपी तशीच राहिली. चाप ओढल्यावर त्या टोपीच्या जोराने गोळी नळीत सरकली आणि अडकून बसली. कोणाच्या लक्षात आले नाही. नंतर त्याच रिव्हॉल्व्हरमध्ये ब्लँक भरला गेला आणि त्याने ती गोळी बाहेर ढकलली. २०२१ मध्ये न्यू मेक्सिकोत ‘रस्ट’च्या सेटवर पिस्तूल ‘कोल्ड’, म्हणजे निर्धोक, असल्याचे पुकारले गेले होते. आत खरे काडतूस होते. छायालेखिका हॅलिना हचिन्सचा मृत्यू झाला आणि २०२४ मध्ये त्या चित्रपटाच्या आर्मररला तुरुंगवासाची शिक्षा झाली.

या तिन्ही घटना लिहिताना माझा हात थांबतो, कारण तिन्ही टाळता आल्या असत्या. ‘रस्ट’नंतर अनेकांनी खरी शस्त्रे सोडलीच, ड्वेन जॉन्सनने आपल्या चित्रपटांत फक्त रबरी बंदुका वापरण्याचे जाहीर केले. ज्वाळा संगणकावर उमटवता येते. रबरी पिस्तूल मात्र वजनात उघडे पडते. पीपीके सहाशे ग्रॅमच्या आतबाहेर भरते, आणि नट एवढे वजन पेलत नसेल तर त्याचे मनगट ते सांगून टाकते. तरी मला वाटते, मनगटाची चूक परवडते. नटाला वजन शिकवता येते, वजनदार पण न उडणारी नक्कल देता येते. गर्दीच्या, धावपळीच्या दृश्यांत खऱ्या दारूचा हट्ट धरण्याचे कारण आता उरलेले नाही.

ब्रिटनमध्ये डनब्लेनच्या शाळेतल्या १९९६ च्या हत्याकांडानंतर पिस्तुले बाळगण्यावर जवळजवळ पूर्ण बंदी आली. बाँडपटांच्या देशात पडद्यासाठी पिस्तूल मिळते ते १९६८ च्या शस्त्र कायद्यातल्या चित्रीकरणाच्या सवलतीमुळे, आणि ते सांभाळणाऱ्या आर्मररच्या जबाबदारीवर.

पडद्यावर न दिसणाऱ्या या माणसाचे काम पाहण्यासारखे असते. दृश्यापूर्वी तो मॅगझीन काढतो, स्लाइड मागे ओढून रिकामा कप्पा दाखवतो, नळीत बारीक टॉर्चचा उजेड पाडतो. सहायक दिग्दर्शकाला दाखवतो, नटाला दाखवतो, समोर उभ्या असणाऱ्या ज्या कोणाला पाहायचे असेल त्यालाही दाखवतो. मगच किती काडतुसे भरतो आहे ते मोठ्याने सांगतो. नटाला तो समोरच्या माणसाच्या जरा बाजूला नेम धरायला लावतो. कॅमेऱ्याच्या कोनामुळे प्रेक्षकाला नेम थेट छातीवर दिसतो. कॅमेऱ्यामागच्या लोकांपुढे पारदर्शक पत्रा उभा राहतो, कानात बोळे जातात. दृश्य संपले की सगळ्यांआधी तो पुढे येतो आणि नटाच्या हातून पिस्तूल काढून घेतो. मग वाकून पुंगळ्या वेचतो. सकाळी मोजून आणलेल्या काडतुसांशी आकडा जुळेपर्यंत त्याच्या पेटीला कुलूप लागत नाही.