तार वाकते तेव्हा आत काय पळतं?

तांब्याच्या तारेचा एक तुकडा घ्या. वाकवा, सरळ करा, पुन्हा तिथंच वाकवा. आधी ती निमूट वाकेल, मग त्याच जागी अडून बसेल आणि शेवटी कटकन तुटेल. (टोकं बोचतात, सांभाळून हं!) तार तीच, हात तेच. मग ती मध्येच कडक कशानं झाली?

धातूत अणू रांगेनं बसलेले असतात, प्रार्थनेला तुम्ही उभे राहता तसे. धातू वाकतो तेव्हा एक थर दुसऱ्यावरून सरकतो. पण अख्खा थर एकदम सरकवायचा, तर प्रत्यक्षात लागतो त्याच्या कितीतरी पट जास्त जोर लागायला हवा, असा हिशेब निघत होता. १९३४ साली टेलर, ओरोवान आणि पोलान्यी या तिघांनी स्वतंत्रपणे एकच उत्तर सुचवलं. शाळेतली मोठी सतरंजी ओढून पाहा, हलत नाही. पण एका टोकाला सुरकुती पाडून ती पुढं ढकलत नेली, तर सतरंजी सहज सरकते. अणूंच्या रांगाही कुठंकुठं चुकलेल्या असतात (तुमच्यासारख्याच!). ती चूक सुरकुतीसारखी पुढं सरकते आणि धातू वाकतो. तिला म्हणतात डिसलोकेशन.

कल्पना झकास, पण ही सुरकुती सरकताना पाहिली कुणी? बावीस वर्षं ती बहुतेक कागदावरच पळत होती!

आपल्या शाळेतल्या सूक्ष्मदर्शकाचं हे काम नव्हे. त्याला हवा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक. जर्मनीत रुस्का आणि नोल यांनी १९३१ साली असा पहिला सूक्ष्मदर्शक बनवला. त्यात उजेडाऐवजी इलेक्ट्रॉनांचा झोत असतो आणि काचेच्या भिंगांऐवजी चुंबकीय भिंगं. झोत आरपार जायला हवा, म्हणून धातूचा पापुद्रा केसाच्या शंभराव्या भागाहूनही पातळ करावा लागतो.

१९५६ साली केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत हर्श, हॉर्न आणि व्हेलन अ‍ॅल्युमिनियमचा असाच पापुद्रा पाहत होते. पडद्यावर काळसर रेघा दिसल्या. झोत प्रखर केला आणि रेघा चक्क चालू लागल्या! झोताच्या माऱ्यानं पापुद्र्यात ताण आला होता, म्हणून सुरकुत्या सरकत होत्या. कागदावरच्या हिशेबाला डोळ्यांनी साक्ष मिळाली.

तारेचं कोडंही इथंच सुटतं. वाकवावं तसतशा या सुरकुत्या वाढतात, एकमेकींत गुंततात आणि पुढं सरकेनाशा होतात. तांबट भांडं ठोकता ठोकता मध्येच भट्टीत तापवतो ना? उष्णतेनं हा गुंता बराच सुटतो आणि तांबं पुन्हा मऊ होतं.

आज सूक्ष्मदर्शकाच्या आतच नमुना तापवता येतो, ताणता येतो, त्याच्यावर वायूही सोडता येतो, आणि बदल होत असतानाच त्याचं चित्रण करता येतं. याला ‘इन-सीटू’ म्हणजे ‘जागच्या जागी’ निरीक्षण म्हणतात. पण एक गंमत आहे. ज्या झोतानं पाहायचं, तोच नमुन्याला बदलवतो! म्हणून चांगले संशोधक झोत बंद ठेवून तोच प्रयोग पुन्हा करतात आणि मग हळूच डोकावतात : आपण पाहत नव्हतो, तेव्हाही तसंच घडलं का?