घाटगे यांचे विमान

तळपदे यांनी १८९५ मध्ये मुंबईच्या चौपाटीवर विमान उडवल्याची कथा मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको. त्या कथेच्या मागे मी बरीच वर्षे होतो. पुरावा शोधताना हाती लागला तो बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच शास्त्रज्ञांचा १९७४ मधला निबंध.

मुकुंद, देशपांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यात प्राचीन विमानविद्येचा म्हणून सांगितला जाणारा ‘वैमानिक शास्त्र’ हा ग्रंथ मुळापासून तपासला आहे. भाषा आणि जन्मकथा पाहून त्यांनी हा ग्रंथ विसाव्या शतकातला ठरवला. मग शकुन, सुंदर, रुक्म, त्रिपुर या विमानांचा उड्डाणाच्या नियमांनी हिशेब मांडला. एकही उडण्याजोगे निघाले नाही. आकृत्यासुद्धा १९२३ च्या सुमारास एल्लप्पा नावाच्या ड्राफ्ट्समनने काढलेल्या. हा ग्रंथ सांगून लिहवून घेणाऱ्या सुब्बराय शास्त्रींच्या मार्गदर्शनाखाली तळपदे यांनी प्रयत्न केले, पण उड्डाण साधले नाही, अशीही नोंद आहे आणि ती शास्त्रींच्या घरच्याच माणसाकडून आलेली. असा कागद उपलब्ध असताना २०१५ साली मुंबईच्या विज्ञान काँग्रेसमध्ये त्याच ग्रंथाच्या आधारे भाषण झाले, याचा मला आजही संताप येतो.

ज्या भारतीय विज्ञान संस्थेतून हा निबंध आला, तिथेच विमानविद्येचे शिक्षण १९४२ मध्ये सुरू झाले. सुरुवातीच्या शिक्षकांत होते खरोखर उडणारे विमान आखणारे डॉ. विष्णू माधव घाटगे. जन्म १९०८, गाव कोल्हापूर जिल्ह्याच्या गडहिंग्लज तालुक्यातले हसूरचंपू. डॉक्टरेट जर्मनीत गटिंगेनला, थेट लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली. वालचंद हिराचंद यांनी १९४० मध्ये बंगळुरात विमान कारखाना काढला, तेव्हा घाटगे तिथे दाखल झाले.

घाटग्यांचे एचटी-२ हे प्रशिक्षण विमान ऑगस्ट १९५१ मध्ये उडाले. तोवर आपली मुले टायगर मॉथवर शिकत. ते कापड ताणून बसवलेले दुपंखी विमान. ऊन-पावसाने कापड कुजायचे. घाटग्यांनी संपूर्ण धातूचे, एकपंखी विमान आखले. इंजिन १५५ अश्वशक्तीचे, पुढे-मागे दोन आसने आणि दोन्हींकडे पूर्ण नियंत्रणे. शिकाऊ वैमानिक चुकला, तर गुरूने तत्काळ दांडी हाती घ्यायची. उतरताना नवखा विमान आपटणारच, हे धरूनच चाकांची बांधणी करावी लागते. माझ्या मते लढाऊ विमानापेक्षा हे काम अवघड आहे, कारण इथे चालवणाऱ्याच्या कौशल्यावर भिस्त ठेवता येत नाही. अशी दीडशेहून अधिक विमाने बनली. घानाच्या हवाई दलानेही घेतली.

पुढे जेटचा काळ आला. अमेरिकेत मोटारीतला रेडिओ आणि आठ ट्रॅकची टेप घडवणाऱ्या बिल लिअर यांचे जेट ऑक्टोबर १९६३ मध्ये उडाले. सप्टेंबर १९६४ मध्ये घाटग्यांच्या पथकाचे ‘किरण’ हे प्रशिक्षण जेट उडाले. लिअर यांचे नाव विमानावरच कोरले गेले. घाटग्यांच्या वाट्याला १९६५ ची पद्मश्री आली. १९९१ मध्ये ते गेले.

तळपद्यांवर ‘हवाईजादा’ हा चित्रपट निघाला. घाटग्यांवर निदान शाळेच्या पुस्तकात एक धडा यावा, ही मागणी कोल्हापूरकरांनी लावून धरावी.